बर्लिन, मोमिनाबाद आणि लाल ज्वारी

कार्यकर्ता : गुरुजी, दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिका आणि रशियात वैर कसं पडलं, हे तुम्ही आम्हाला सातवीत शिकवलं होतं. भावकीत बांधावरून वाद व्हावा, तसं. एकानं बांध कोरला, दुसऱ्यानं काटे टाकले, मग बोलणं बंद. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं, आज पटत नाही. बांधाच्या वादात दोघांना एकच जमीन हवी असते. इथे तसं कुठे होतं? १९४५ साली अर्धा युरोप बेचिराख झाला होता आणि जो तो विचारत होता, हे पुन्हा उभं करायचं ते कोणासाठी? कारखाना मालकाचा की राबणाऱ्याचा? जमीन कसणाऱ्याची की सातबाऱ्यावर नाव असलेल्याची? या प्रश्नाची जगात दोन उत्तरं होती आणि दोन्ही उत्तरांच्या पाठीशी एकेक महासत्ता उभी होती. झगडा विचारांचा होता. बर्लिन, कोरिया, अणुबाँब हे सगळं त्यातून निघालं. म्हणून तर तो आपल्या बीडपर्यंत पोचला. बांधाचा वाद शेजारच्या शिवारातसुद्धा जात नाही.

गुरुजी : बांधाचा वाद जमिनीवरून होतो असं तुला वाटतं, कारण तू कोर्टातले कागद वाचलेस. मी त्या घरांतून जेवलोय. दोन हात जमिनीनं कोणी श्रीमंत होत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. धास्ती वेगळीच असते : हा आज इथवर सरकला, उद्या विहिरीपर्यंत येईल. महासत्तांचं तेच झालं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केननने वॉशिंग्टनला एक लांबलचक तार धाडली. सांगणं असं की, रशियाला समजावून उपयोग नाही, त्याला ठिकठिकाणी अडवलं पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरात वॉशिंग्टनमधल्या रशियन राजदूतानं, नोव्हिकोव्हनं, मॉस्कोला तसाच लांब अहवाल लिहिला. अमेरिकेला जगावर हुकूमत हवी आहे, असं त्यात होतं. दोघांनी एकमेकांचं लिखाण वाचलेलं नव्हतं. तरी दोन्ही कागद शेजारी ठेव, एक दुसऱ्याची उलटी छापील प्रत वाटते.

आणि भीतीला कारणंही होती. रशियाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं त्या युद्धात गेली. तीस वर्षांत दोनदा पश्चिमेकडून त्याच वाटेनं जर्मन सैन्य आत आलं होतं. ज्याच्या घरावर दोनदा दरोडा पडलाय, तो पोलंडचं दार उघडं ठेवेल का? उलट बाजूनं बघ. जे सैन्य बर्लिनपर्यंत आलं ते परत फिरेना आणि जिथे बसलं तिथे आपली सरकारं बसवू लागलं. अमेरिकेनं काय समजायचं? तिनं युद्धातली उधार मदत मे १९४५ मध्ये तडकाफडकी थांबवली आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमावर बाँब टाकला. ते बघून रशियानं तरी काय समजायचं? विचार दोघांकडेही १९४१ मध्ये होतेच की. तेव्हा ते मित्र होते.

कार्यकर्ता : मित्र होते, कारण समोर हिटलर होता. पूर आला की साप आणि मुंगूस एकाच फांदीवर बसतात. भीतीनं सगळं उलगडत असेल तर मला मार्शल योजना उलगडून सांगा. १९४७ च्या जूनमध्ये अमेरिकेनं युरोपला पैसा देऊ केला आणि पुढच्या चार वर्षांत सुमारे १३०० कोटी डॉलर दिले. रणगाडे अडवायला गव्हाची पोती लागत नाहीत. अमेरिकेला खरी धास्ती होती ती इटलीतल्या, फ्रान्समधल्या उपाशी मतदाराची. तो लाल बावट्याला मत देईल ही. म्हणजे ती विचाराला घाबरली. मॉस्कोचंही तेच. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया ती मदत घ्यायला तयार होते, मॉस्कोनं त्यांना अडवलं. पैशाबरोबर दुसरी रीतही येईल म्हणून. सप्टेंबर १९४७ मध्ये स्टालिनच्या झ्दानोव्हनं पोलंडमधल्या कम्युनिस्ट पक्षांच्या बैठकीत सांगून टाकलं की जग आता दोन छावण्यांत वाटलं गेलंय. अमेरिकेच्या अध्यक्षांनी, ट्रुमननं, मार्चमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागताना वेगळं काय सांगितलं होतं? प्रत्येक देशानं दोन जीवनपद्धतींतून एक निवडायची. दोघंही ‘कसं जगायचं’ यावर बोलत होते, गुरुजी. तुम्ही म्हणता ती विहीर कुठे आली यात?

गुरुजी : उपाशी मतदाराची धास्ती, हे तू बरोबर बोललास. ते मी विसरणार नाही, पुढे कामाला येईल. पण ‘दोन छावण्या’ हा शब्द आपल्या मातीत कसा उतरला ते आधी बघू. १९४८ च्या सप्टेंबरात आपला जिल्हा कुठे होता? निजामाच्या राज्यात. कागदोपत्री नाव भीर. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत, तिथे घोडदळाची छावणी होती. त्याच गावच्या योगेश्वरी शाळेत शिकवलेले, निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. १३ तारखेला भारतीय फौजा राज्यात शिरल्या. त्यांतली एक तुकडी जालना, लातूर करत मोमिनाबादला आली. निजामाच्या गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रं खाली ठेवली. १७ तारखेला निजाम शरण आला. हा आपला मुक्तिदिन. यात १६ तारीख लक्षात ठेव. त्या दिवशी पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची तक्रार आली. विषय चर्चेला घ्यायचा की नाही यावर मत पडलं. आठ देश हो म्हणाले, सोव्हिएत युनियन तटस्थ राहिलं. पुढच्या आठवड्यात निजामानं तक्रारच मागे घेतली. महिना संपायच्या आत त्याच परिषदेपुढे रशियानं केलेल्या बर्लिनच्या नाकेबंदीचा प्रश्न गेला आणि दोन महासत्ता तिथे समोरासमोर आल्या.

मला हे नेहमी जवळून बघावंसं वाटतं. तीच परिषद, तेच शहर, मध्ये दोन आठवडे. बर्लिनसाठी पश्चिमेची विमानं रात्रंदिवस पीठ आणि कोळसा वाहत होती, आणि आपल्या मोमिनाबादच्या माणसाबद्दल परिषदेत रशियाचं काय मत होतं? तटस्थ. कारण तो कोणाच्याच विहिरीजवळ नव्हता. कसेल त्याची जमीन हा सवाल जागीरदारीखाली दबलेल्या हैदराबादेत जितका पेटला होता, तितका कुठे पेटला होता? मग विचारांचं युद्ध होतं तर तो सवाल पॅरिसमध्ये का निघाला नाही?

कार्यकर्ता : पॅरिसमध्ये नाही निघाला, नलगोंडा-वारंगळमध्ये निघाला होता! १९४६ पासून तिथले शेतकरी जमीनदार देशमुखांच्या विरोधात हत्यार घेऊन उभे होते. त्यांना झ्दानोव्ह कोण, केनन कोण, काही माहीत नव्हतं. वेठबिगार माहीत होती. याचा अर्थ माझ्या बाजूनं लागतो. झगडा मॉस्को-वॉशिंग्टनमध्ये जन्मला आणि इकडे आला असं नाही, तो इथेही आधीपासून होता. म्हणून तर १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघानं काँग्रेसला बाजूला सारून पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटच्या रामचंद्र गोविंद परांजप्यांना लोकसभेत धाडलं. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट त्याच फ्रंटच्या नावानं लढले. ज्या देशात गांधी-नेहरूंच्या नावावर दगडसुद्धा निवडून येईल असं म्हणत, तिथे बीडनं हे केलं.

गुरुजी : मग आता तुला टोचेल असं बोलतो. ते लढणारे १९४६ ला हत्यार घेऊन उठले, हे खरं. १९५१ च्या ऑक्टोबरात त्यांनी ते खाली ठेवलं. त्याआधी, फेब्रुवारीत, कम्युनिस्ट पक्षाचे चार पुढारी लपतछपत मॉस्कोला गेले होते. आपल्या मराठी मुलखातले डांगे त्यांत होते. तिथे स्टालिननं त्यांना समजावलं की तुमची स्थिती चीनसारखी नाही, तुमच्या पाठीशी मित्रदेशाची सरहद्द नाही. आणि तीन वर्षं आधी काय झालं होतं? १९४८ ला पक्षाच्या कलकत्त्याच्या अधिवेशनात रणदिव्यांनी, तेही मराठीच, लगेच क्रांतीची दिशा धरली. त्या दिशेमागे झ्दानोव्हच्या दोन छावण्यांचा वारा होता. म्हणजे वारंगळचा शेतकरी लढायला उठला आपल्या भुकेनं, पण लढायचं कुठवर आणि थांबायचं कधी, याचा विचार क्रेमलिनच्या टेबलाशी बसून झाला. ज्याच्या हाती थांबवणं असतं, मालकी त्याची, असं मला वाटतं.

कार्यकर्ता : टोचलं. खोटं बोलणार नाही, तरुणपणी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो. पण त्यावर माझंही काही सांगणं आहे. ते गेले ते आपसात मतभेद होते म्हणून, सल्ला मागायला. आपल्यात भांडण झालं की आपणही थोरल्याकडे जातो, म्हणून शेत थोरल्याचं होत नाही. आणि स्टालिनचा सल्ला चुकीचा नव्हता, जीव वाचले. पण यापेक्षा मला मतपेटीचं बोलायचंय. १९६७ ला बीडनं कोणाला निवडलं? क्रांतिसिंह नाना पाटलांना. येडे मच्छिंद्रचा माणूस, साताऱ्याच्या प्रतिसरकारचा नायक, १९५७ ला उत्तर साताऱ्यातून जाऊन लोकसभेत मराठीत बोललेला. तो दूरच्या बीडमधून भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर निवडून आला. दहा वर्षांनी, १९७७ ला, गंगाधरअप्पा बुरांडे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून. १९६७ च्या आधीच मॉस्को आणि पेकिंग फाटले होते, त्या फाटण्याच्या सावलीत १९६४ ला इथला पक्षही फुटला होता. बीडनं दोन्ही तुकड्यांना एकेकदा खासदारकी दिली. १९५२ धरून तीन वेळा. मला सांगा, गेवराईच्या बाईनं विळा-कणसावर शिक्का मारला तेव्हा तिनं मॉस्कोच्या ब्रेझनेव्हला मत दिलं का? तिनं नाना पाटलाला दिलं. विळा तिच्या हातातला होता आणि कणीस तिच्या रानातलं.

गुरुजी : हे मला मान्य आहे, आणि हे मान्य केल्यावर तुझं पहिलं म्हणणं कुठे उरतं ते तूच बघ. तू म्हणालास, दोन उत्तरं आणि प्रत्येकामागे एक महासत्ता. आता म्हणतोस, बीडच्या बाईचं उत्तर तिचं स्वतःचं होतं, महासत्तेचं फक्त चिन्ह. मग विचार महासत्तांच्या मालकीचे नव्हतेच. त्यांनी ते अंगावर पांघरले. त्यांच्या हातात खरं होतं ते धान्य आणि बंदूक. बंदूक आपल्या जिल्ह्यापर्यंत आली नाही, कोरियात गेली, व्हिएतनाममध्ये गेली. आपल्याकडे धान्य आलं. त्याचं मी सांगू शकतो, कारण ते मी पोरांना वाटलंय.

१९५१ ला देशात धान्याची टंचाई होती. आपण अमेरिकेकडे २० लाख टन मागितलं. तिथल्या संसदेत महिनोन्‌महिने काथ्याकूट. नेहरू कोरियाबद्दल आमच्या मनासारखं बोलत नाहीत, द्यायचं कशाला? अणुशक्तीला लागणारी मोनाझाइट वाळू ते देत नाहीत, द्यायचं कशाला? दरम्यान रशियानं गहू देऊ केला, आणि मग अमेरिकेचं कर्ज जूनमध्ये मंजूर झालं. १९५४ ला अमेरिकेचा पीएल-४८० कायदा आला, रुपयांत गहू मिळू लागला. १९६५ नंतर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन साहेबांनी तो गहू महिन्याच्या हिशेबानं सोडायला सुरुवात केली. व्हिएतनामवर आपण काय बोलतो ते ऐकायचं आणि मग जहाज सोडायचं. गड्याला सालाऐवजी रोजाच्या धान्यावर ठेवावं, तसं. आपण म्हणायचो, गव्हाबरोबर गाजर गवतही आलं. ते आधीही इथे होतं असं आता अभ्यासक म्हणतात, पण लोकांनी ते अमेरिकेच्या नावावर टाकलं. एवढी ती भाकरी घशात अडकत होती.

मग बहात्तरचा दुष्काळ. तू चौथीत होतास. रेशनला लाल मिलो ज्वारी यायची.

कार्यकर्ता : त्याची भाकरी थापताना कडा फाटायच्या. आई पाणी उकळून उकड काढून पीठ मळायची, तरी परातीतून उचलताना मधोमध चीर जायची. आपल्या मालदांडी ज्वारीचं पीठ कसं, हाताबरोबर फिरतं. हे पीठ हाताचं ऐकत नाही, असं ती म्हणायची.

गुरुजी : आणि शाळेत मी दुधाची पावडर कालवायचो. पोत्यावर दोन हात मिळवलेले, वर अमेरिकेची ढाल. तू ते दूध प्यायचास, आणि तुझ्या वहीला कव्हर होतं ‘सोव्हिएत देश’च्या गुळगुळीत पानाचं. त्यावर ट्रॅक्टरवर बसलेली हसरी बाई. मी रोज तो वर्ग बघायचो. पोटात एक महासत्ता, दप्तरात दुसरी. आणि बाहेर तुझी आई पाझर तलावाच्या भरावावर पाट्या टाकत होती. तिला सुकडी मिळायची, ती पदराला बांधून तुझ्यासाठी आणायची.

त्याच १९७२ ला रशियात पीक बुडालं. त्यानं गुपचूप अमेरिकेकडूनच प्रचंड धान्य विकत घेतलं, शत्रू म्हणवणाऱ्याकडून. जगात गव्हाचे भाव चढले आणि आपण बाजारात पोचलो ते त्या चढ्या भावाला. मग १९७३ ला रशियानं आपल्याला धान्य उसनं दिलं, धान्यातच फेडायच्या बोलीवर. किती? २० लाख टन. बावीस वर्षांपूर्वी अमेरिकेनं दिलं होतं तेवढंच. विचारांचं युद्ध म्हणतोस ना, दोघांच्या मापात एक पायलीचा तरी फरक दाखव.

कार्यकर्ता : फरक आहे. एकानं आधी महिनोन्‌महिने अब्रू काढली, दुसऱ्यानं उसनं म्हणून दिलं. भाऊ देतो आणि सावकार देतो यांतला फरक आपल्या माणसाला कळतो. पण सोडा, मी तुमच्याच मापानं मोजतो. समजा दोघंही सावकार. गावात एकच सावकार असता तर काय झालं असतं? दोन होते म्हणून आपला भाव राहिला. पवईचं आयआयटी १९५८ ला रशियाच्या मदतीनं उभं राहिलं, तारापूरची अणुभट्टी अमेरिकेनं दिली, ती १९६९ ला सुरू झाली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६४ ला आधी अमेरिकेला गेले. हवं ते विमान मिळालं नाही, मग रशियाला गेले. नाशिकजवळ ओझरला मिगचा कारखाना आला. एका महाराष्ट्रात दोघांकडून घेतलं. तुमच्या भीतीच्या हिशेबात आपण नुसते तुडवले जाणारे. माझ्या हिशेबात आपण मागणारे, घेणारे, निवडणारे. हायब्रीड ज्वारीचंच बघा. १९६४ ला सीएसएच-१ आली, तिचं आईकडचं बियाणं अमेरिकन काफिर जातीचं. आपल्या शेतकऱ्यानं ती खरिपाला पेरली, आणि रब्बीला मालदांडी सोडली नाही. कोणाचं किती घ्यायचं ते त्यानंच ठरवलं.

गुरुजी : दोन सावकार असल्यानं व्याज उतरतं, हे खरं. पण दोघांची चोपडी वाढत जाते. १९७४ ला अमेरिकेनं पीएल-४८० च्या साचलेल्या रुपयांतले १,६६४ कोटी रुपये एका धनादेशानं आपल्याला सोडून दिले. त्याच्या आधी आपल्या चलनाचा केवढा हिस्सा त्यांच्या खात्यावर पडून होता, विचार कर. आणि आपला भाव राहिला तो आपण मोठे होतो म्हणून, सरहद्दीवर नव्हतो म्हणून. कोरियाच्या शेतकऱ्याला कोणी भाव विचारला? त्याच्या गावावरून फौजा दोनदा दक्षिणेकडे गेल्या, दोनदा उत्तरेकडे. त्याच्यापुढेही तीच दोन उत्तरं होती. त्याला निवडता आलं नाही, नुसतं मरता आलं. तुझा हिशेब त्याला समजावून सांगता येईल का तुला?

कार्यकर्ता : नाही. कोरियाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मघाशी तुम्ही म्हणालात, उपाशी मतदाराची धास्ती पुढे कामाला येईल. आता मीच ती काढतो. बहात्तर-त्र्याहत्तरला महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर एका वेळी जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडत होती, भराव टाकत होती, आणि मोर्चेही काढत होती, लाल बावट्याखाली. त्यातून रोजगार हमी आली. मागेल त्याला काम, हा कायद्यानं हक्क. जगात तेव्हा असं कुठे होतं? पैसा शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. मी विचारतो, इटलीच्या उपाशी मतदाराला घाबरून अमेरिकेनं जसा पैसा ओतला, तसंच बीडच्या उपाशी मतदाराला घाबरून मुंबईनं हमी दिली की नाही? नाना पाटलाला निवडून देणारा जिल्हा होता तो. जगात दुसरं उत्तर शिल्लक होतं, म्हणून पहिल्या उत्तराला हात सैल सोडावा लागला. ते दुसरं उत्तर १९९१ ला गेलं. त्यानंतर कोणी कोणाला घाबरून काही दिल्याचं मला आठवत नाही.

गुरुजी : हमीची कल्पना वि. स. पाग्यांची, आणि ते काँग्रेसचे. तासगाव तालुक्यात १९६५ ला त्यांनी ती करून बघितली, तेव्हा तिथे कोणाचा मोर्चा नव्हता. त्या माणसाला लोकांची भूक बघवली नाही, एवढंही पुरेसं कारण असू शकतं. पण एका तालुक्यातली गोष्ट राज्याचा कायदा झाली ती बहात्तरनंतर, हेही खरं, आणि तिथे मी अडतो. ती दयेनं झाली की धास्तीनं? केनन आणि नोव्हिकोव्हचे कागद निदान पुढे उघडे झाले, त्यांच्या मनातली भीती अक्षरांत सापडते. आपल्या मंत्रालयाच्या फायलीत भीती कोण लिहून ठेवेल? मी सुरुवातीला म्हणालो, सगळं भीतीतून झालं. त्या भीतीतून भाकरीही आली असेल, तर मी तिला नुसती वाईट म्हणू शकत नाही. आणि तू म्हणालास, सगळं विचारांतून झालं. त्या विचाराला वाकवायला भीतीच लागली असेल, तर तूही त्याला नुसता विचार म्हणू शकत नाहीस. तुझ्या आईला कधी विचारलंस, तिला काय वाटायचं?

कार्यकर्ता : विचारलं होतं. मिलो कुठून आली, अमेरिकेतून की रशियातून, असं. ती म्हणाली, सरकारची होती. मी म्हटलं, सरकारनं कोणाकडून तरी आणली असेल ना. ती म्हणाली, आणली असेल. आम्ही तहसीलवर गेलो, दोन दिवस उठलो नाही, तेव्हा आली.